६० लिटरची सॅक: पावसाळा आणि हिवाळा वापरून झाल्यावर

गेल्या जूनमधे ठाण्यात घेतली, पावसाळा आणि अख्खा थंडीचा सीझन हिच्यासोबत काढला म्हणून आता निवांत लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही कारण मला जे सांगायचंय ते कुठल्याही सॅकला लागू आहे, लिटर नंतर बघा आधी पाठीचं माप घ्या. मान खाली घातली की मानेच्या तळाशी जे हाड वर येतं तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत, टेपने कोणाकडून तरी मोजून घ्या. हिची पाठ वरखाली सेट होते त्यामुळे कमरेचा पट्टा बरोब्बर हाडावर बसतो, माझ्यासाठी पैसे तिथेच वसूल.

खरा कस लागला डिसेंबरात, रतनगड ते हरिश्चंद्रगड रेंज ट्रेकला. आम्ही ठाणे-ऐरोलीचे जुने भिडू, कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे जीप. कात्राबाई खिंड ओलांडून कुमशेत आणि तिथून पाचनईकडे, हा दिवस जबरदस्त लांब आहे. माझ्या वाट्याला टेंट, डाळ-तांदूळ आणि चार लिटर पाणी, सगळं मिळून १४ किलोच्या आसपास. चढावर कमरेचा पट्टा आवळून खांद्याचे किंचित सैल सोडले की वजन कमरेवर येतं, खांदे मोकळे. उतारावर मात्र खांद्याच्या वरचे ते छोटे पट्टे ओढून सॅक पाठीला चिकटवायची, नाहीतर ती हेलकावे देते आणि तोल जातो.

आमच्यातल्या एका ताईची सॅक नुसती खांद्यांवर लटकत होती, खिंडीत पोचेपर्यंत दोन्ही खांद्यांवर लाल वळ. मग सगळे तिथेच बसलो, तिचं सामान पार रिकामं केलं आणि पुन्हा भरलं, स्लीपिंग बॅग तळाला, पाणी आणि शिधा पाठीला लागून मधोमध, हलकं सामान बाहेरच्या बाजूला, आणि कमरेचा पट्टा दोन बोटं वर घेतला. कुमशेतपर्यंत ती आमच्या पुढे होती! असे सोबती असले की लांबचा पल्ला जाणवत नाही हे मनापासून सांगतो.

आता तक्रार. रेन कव्हर फक्त बाहेरची बाजू झाकतं, पाठीवरून ओघळणारं पाणी आत जातंच, जुलैत नाणेघाटात कोरडे ठेवलेले कपडे सगळे ओले निघाले. तेव्हापासून आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून त्यात सगळं भरतो, कव्हरपेक्षा हीच कामाची. छातीच्या पट्ट्याची क्लिपही फेब्रुवारीत तुटली, नुसती क्लिप वेगळी मिळाली म्हणून भागलं, पण या किमतीत ती इतक्यात तुटायला नको होती. शिलाई आणि चेन अजून एकदम धड आहेत.

नवी सॅक घेतलीत की थेट मोठ्या ट्रेकला नेऊ नका. पाण्याच्या बाटल्या भरून मामा-भांजे टेकडी नाहीतर खारघर हिल चढून बघा, एक लिटर म्हणजे एक किलो, हिशोब सोपा, आणि फारच जड झालं तर वर पाणी ओतून टाकून हलके उतरता येतं.