पुण्यातल्या क्लासची लॉ सीईटी टेस्ट सिरीज : पाचपैकी साडेतीन

साताऱ्यात कोर्टाबाहेर माझं टायपिंगचं टेबल आहे. दावे, कैफियती, प्रतिज्ञापत्रं, कुलमुखत्यारपत्रं रोज हाताखालून जातात. तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीला वयाची अट नाही, म्हणून यंदा फॉर्म भरला आणि पुण्यातल्या एका क्लासची ऑनलाइन टेस्ट सिरीज घेतली.

पैसे वसूल झाले ते उत्तरांच्या खुलाशांत. रिटवरचा (हक्क बजावून घेण्यासाठी न्यायालय काढतं त्या आदेशावरचा) प्रश्न चुकला तर नुसतं 'पर्याय ब' सांगून सोडत नाहीत. राज्यघटनेचे अनुच्छेद 32 आणि 226 शेजारी शेजारी मांडतात: मूलभूत हक्कावर गदा आली तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं, पण उच्च न्यायालयाचा रिटचा अधिकार तेवढ्यापुरताच नाही, तो इतर कारणांसाठीही वापरता येतो. हे एकदा नीट कळलं की त्यावर कसाही फिरवून विचारा. चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही घालते, खुलासा माझ्या शब्दांत लिहिते, रविवारी तेवढीच वही वाचते. जाडजूड गाइडपेक्षा तिचाच उपयोग जास्त.

तत्त्व आणि घटना देऊन विचारलेले प्रश्नही चांगले काढलेत. तिथे दिलेल्या तत्त्वावरच निकाल द्यायचा, बाहेरचा कायदा आणायचा नाही. कोर्टाच्या आवारात वावरणाऱ्यांना हेच जड जातं. वकीलसाहेबांचे युक्तिवाद कानात घुमत असतात ना!

परीक्षा 120 प्रश्नांची, 120 मिनिटांची. कुठल्या प्रश्नाला किती वेळ गेला ते रिपोर्टमध्ये दिसतं. माझा वेळ खातात ते तर्काच्या कोड्यांतले गोल टेबलाभोवती बसलेले आठ मित्र. ते आता शेवटी ठेवते आणि इंग्रजीचे 40 आधी उरकते. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्या सगळ्यांवर टिक.

आता राग. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तरी कित्येक टेस्टमध्ये अजून आयपीसीच, म्हणजे जुनी भारतीय दंड संहिताच चालू. खुनाच्या शिक्षेला जुनं कलम 302 लावलं की बरोबर, नवं 103 लावलं की चूक! नव्या संहितेत 302 हे धार्मिक भावना दुखावण्याचं कलम आहे. फसवणुकीचंही तेच: 420 जाऊन 318 आलं, पण यांच्या गावी नाही. मेल केला, 'अपडेटचं काम सुरू आहे' असं उत्तर आलं, पुढे सामसूम. अशाने टोटलवर विश्वास कसा ठेवायचा?

चालू घडामोडी शिळ्या. रोजचा पेपर वाचा, पुरे. व्हिडिओत सर आधी मागच्या टॉपरांचे सत्कार दाखवतात. मी दोन बघून सोडले.

पूर्ण पॅकेज घेऊ नका, नुसत्या टेस्ट मिळतात. आणि कुठल्याही क्लासची सिरीज घ्या, आधी फुकटची डेमो टेस्ट उघडा. खुनाला अजून 302 दिसलं तर पैसे भरू नका.