यंत्र घ्यायला अनुदान की भाड्याने सेवा?

जगातल्या सुमारे ८४ टक्के शेतांचं क्षेत्र दोन हेक्टरपेक्षा कमी आहे, आणि त्या सगळ्यांकडे मिळून शेतजमीन आहे जेमतेम १२ टक्के. महागडं तंत्रज्ञान घ्या, असं लहान शेतकऱ्याला सांगण्याआधी हा हिशेब मांडायलाच हवा.

अनुदानाने किंमत उतरते. पण उरलेली रक्कम, डिझेल, सुटे भाग आणि दुरुस्ती त्याच्याच माथी. लेझर लेव्हलरने, म्हणजे लेझरच्या मदतीने जमीन समतल करणाऱ्या यंत्राने, एकदा रान सपाट केलं की पुढची काही वर्षं त्याला काम नसतं. असं यंत्र दारात उभं करून कर्जाचे हप्ते भरायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. इथे भाडंच बरं. चालवणाराही सोबत येतो, पटलं नाही तर नुकसान एका दिवसाच्या भाड्यापुरतं.

भाड्याची खरी अडचण पेरणीला कळते. वापसा आला, म्हणजे रानात पेरणीजोगी ओल झाली, की पेरणीयंत्र सगळ्यांना एकाच आठवड्यात हवं असतं, आणि लहान तुकड्याचा नंबर शेवटी लागतो. ओल उडून गेल्यावर आलेल्या यंत्राचा काय उपयोग? म्हणून शेजारच्या बांधांनी मिळून एकत्र नोंदणी करावी.

ठिबकचं वेगळं. नळ्या रानातच राहतात, तिथे अनुदानच हवं. सोबत फिल्टर धुवायला शिकवणारं माणूसही, नाहीतर ड्रिपर तुंबतात.

आणि वेळ! केनियात डुफ्लो, क्रेमर आणि रॉबिन्सन या अर्थतज्ज्ञांच्या २०११च्या अभ्यासात, सुगीनंतर हातात पैसा असताना खतासाठी दिलेली छोटी सवलतही प्रभावी ठरली. अनुदानाचे अर्ज तेव्हाच उघडावेत.