आयेल्ट्ससाठी ‘पील’चा साचा: काही महिने वापरून झाल्यावर

आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत निबंधाचा परिच्छेद ‘पील’ने बांधायला शिकवतात: पॉइंट (मुद्दा), एव्हिडन्स (उदाहरण, पुरावा), एक्स्प्लनेशन (स्पष्टीकरण), लिंक (मुद्द्याकडे परत जोडणारं वाक्य). हे सगळ्यांना पाठ असतं, जास्त सांगत नाही. माझं भांडण शेवटच्या ‘एल’शी आहे.

टास्क टूला, म्हणजे निबंधाला, 40 मिनिटं आणि किमान 250 शब्द. प्रस्तावना आणि शेवट वगळले तर मधल्या दोन परिच्छेदांना साधारण 90-90 शब्द उरतात. त्यातले 15-20 शब्द ‘लिंक’च्या नावाखाली पहिलंच वाक्य फिरवून लिहिण्यात जातात. ‘देअरफोर, इट इज क्लिअर दॅट’ आलं की पुढे नवीन काही नाही, हे तपासणाऱ्याला कळतंच. कोहिरन्स अँड कोहिजनला, म्हणजे सुसंगती आणि वाक्यांच्या जोडणीला, निबंधाच्या गुणांपैकी पाव हिस्सा आहे, आणि बँड सहाच्या (नऊपैकी सहा) वर्णनात वाक्यांची जोडणी ‘मेकॅनिकल’ असू शकते असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे फी भरून घोटलेला साचा सहावरच अडकवतो. वर पेपर तपासून घ्यायचे पैसे वेगळे!

‘एल’ सरळ कापा आणि ते शब्द एक्स्प्लनेशनला द्या. सगळ्यात जास्त घाई तिथेच होते. ‘प्रायव्हेट कार्स स्लो डाउन सिटी बसेस’ हा मुद्दा घ्या. गाड्यांमुळे बस अडकते, बस उशिरा येते म्हणून आणखी लोक गाडी काढतात, रस्ता अजून तुंबतो. यातली मधली पायरी बहुतेक जण गाळतात. पुढचं वाक्य ‘धिस डिले’ने सुरू करा: आधीचं सूत्र वाक्याच्या सुरुवातीला, नवी माहिती त्यानंतर. मग ‘मोरओव्हर’, ‘फर्दरमोर’ची गरजच पडत नाही.

आधी सगळा साचाच टाकाऊ वाटायचा. आता ‘पी’बद्दल मत बदललंय. ‘कार्स आर बॅड’ लिहिलं की प्रदूषण, अपघात, पार्किंग सगळं एकाच परिच्छेदात घुसतं. त्यात शाळेतलं ‘आजच्या या विज्ञानयुगात’ इंग्रजीत ‘इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड’ होऊन येतं आणि मुद्दा तिसऱ्या वाक्यावर ढकलला जातो. पहिलं वाक्य सोडून बाकीचं हाताने झाका. ‘का?’ किंवा ‘कसं?’ असा एकच प्रश्न पडला तर ठीक, नाहीतर ते वाक्य बदला.

एव्हिडन्सच्या ‘ई’साठी खोटे सर्व्हे रचू नका. स्वतःच्या माहितीतली उदाहरणं द्या, असं प्रश्नातच छापलेलं असतं.

साच्याला पाचपैकी तीन. क्लासवाले ‘मोरओव्हर’सारख्या जोडशब्दांची जी छापील यादी विकतात, तिला शून्य. ती फुकट मिळते.