रत्नागिरीतल्या काउन्सेलर बाईंचा चार शनिवारचा क्लास: चार स्टार

नवऱ्याच्या मते हे शहरातल्या लोकांचं खूळ, तरी गेले. चार शनिवार, दीड-दीड तास, २००० रुपये, आम्ही सात जण. विषय एकच, रोजच्या जगण्यात आपलं डोकं कुठे वाकडं धावतं ते पकडायचं.

माझा गणपतीपुळ्याच्या बाजूला छोटा होमस्टे आहे. मे महिन्यात एका पाहुण्याने तीन स्टार दिले, गरम पाणी उशिरा आलं म्हणून, आणि आधीचे चाळीसेक फाइव्ह स्टार माझ्या डोक्यातून पुसलेच गेले, आठ दिवस सोलकढी करताना पण तेच. शेवटी भाचीने हा क्लास सुचवला.

पहिला शनिवार बोअर. झेरॉक्सवर अतिसामान्यीकरण (एकदा बिघडलं की नेहमीच बिघडणार असं धरणं) वगैरे शब्द, उदाहरणं सगळी ऑफिसातली, बॉसने मेलला रिप्लाय दिला नाही टाइप. आमच्यातले आंबेवाले काका म्हणाले, मॅडम, माझा बॉस म्हणजे हवामान, तो कुणालाच रिप्लाय देत नाही. एवढं कळलं की विचारांच्या चुका पकडायचं हे तंत्र मूळ अमेरिकेतल्या ॲरन बेक नावाच्या सायकियाट्रिस्टचं, १९६०च्या दशकातलं. डिप्रेशनच्या पेशंटशी बोलताना त्याला दिसलं की वाईट विचार ठरावीक साच्यातलेच असतात आणि येतात इतके पटकन की माणूस ते तपासतच नाही, खरंच धरून चालतो.

दुसऱ्या शनिवारी वही आली आणि पैसे वसूल झाले. तिच्यात सहा कॉलम: काय झालं, डोक्यात काय आलं, शंभरपैकी किती घाबरले, पुरावा काय, उलट पुरावा काय, आता किती. त्याच आठवड्यात मुलगा जनशताब्दीने मुंबईहून येत होता, फोन लागेना, बाहेर धो धो पाऊस, मी मनातल्या मनात दरड पाडून हॉस्पिटलात पण पोचले होते. ९५ लिहिलं. मग उलट पुराव्याच्या कॉलमसाठी गाडी कुठे आहे बघितलं तर उक्षी स्टेशन सुटलेलं, म्हणजे करबुड्याचा बोगदा, साडेसहा किलोमीटरचा, तिथे फोन लागतोय कुठे! ३० वर आले. मुलगा घरी येऊन पहिलं काय विचारतो तर जेवायला काय आहे. आता मी जरा चिंता करायला लागले की घरातले ओरडतात, आई, बोगदा!

तिसऱ्या शनिवारी बाईंनी झेरॉक्स बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, तुमच्या भाषेत नावं द्या. मग काय, माझा तीन स्टारवाला प्रकार म्हणजे दुधातली माशी, बोगदा म्हणजे मन चिंती ते वैरी न चिंती, आणि सगळं माझ्यामुळेच बिघडलं हे कावळा बसायला नि फांदी मोडायला. दुसऱ्याच्या मनातलं परस्पर ओळखायचं त्याला नाव सापडलं नाही, पण आरतीला जाऊबाई माझ्याकडे बघत नव्हत्या म्हणून मी दोन दिवस धुमसत होते, विचारलं तर त्यांची दाढ दुखत होती.

मला आवडलं ते हे की बाई उगाच पॉझिटिव्ह राहा म्हणत नाहीत. आंबेवाल्या काकांनी मोहोर गळल्याचं सांगितलं तेव्हा म्हणाल्या, नुकसान ते नुकसानच, त्यात विचारांची चूक नाही, पण "मला बागायत जमतच नाही" हे काही हवामानाने सांगितलेलं नाही.

एक स्टार कापायला मला तीन दिवस लागले, बाईंना काय वाटेल म्हणून, तेही वहीत लिहिलंय. कापला कारण दोन जिने चढायचे, लिफ्ट नाही, दर वेळी वीस मिनिटं उशीर, आणि शेवटच्या दिवशी "पाहिजेच" वाले विचार दहा मिनिटांत उरकले. गणपतीला सगळ्यांनी घरी आलंच पाहिजे यावर आमच्याकडे अख्खा शनिवार गेला असता!

झोप, भूक बरेच दिवस उडाली असेल तर क्लासवर भागवू नका, डॉक्टरला दाखवा, हे बाईंनीच पहिल्या दिवशी सांगितलं. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन पण आहे, १४४१६, फुकट, रात्रीसुद्धा चालते.

आणि वही लांब फुलस्केप घ्या, छोट्या वहीत सहा कॉलम मावत नाहीत.