वॅगन आरच्या डिकीतली गोल गॅस टाकी: सहा-सात महिने वापरल्यानंतर

दिवाळीच्या आधी माझ्या २०१५ च्या पेट्रोल वॅगन आरला एलपीजी किट बसवलं, म्हणजे ती आता गॅसवरही चालते. आता बेदाण्याचे सौदे रंगात आलेत, गाडी तासगाव नाहीतर कवठेमहांकाळ करतेच करते, त्यामुळे बरं-वाईट सांगण्याइतका वापर झालाय. मी मुख्यतः टाकीबद्दलच लिहितो. किट एकदा ट्यून झालं की विसरायला होतं, टाकीशी मात्र रोजचा संबंध.

सीएनजी का नाही, हे सगळे विचारतात. सीएनजी २०० बारच्या, म्हणजे फार मोठ्या दाबाने भरतात. त्यामुळे त्याची टाकी जाड, जड, आणि छोट्या गाडीची डिकी तीच खाते. मला डिकीत बेदाण्याचे १५ किलोचे बॉक्स टाकायचे असतात. एलपीजी थोड्या दाबालाच पातळ, म्हणजे द्रव होतो, म्हणून त्याची टाकी हलकी असते आणि मेदूवड्याच्या आकाराचीही मिळते. ती स्टेपनीच्या खड्ड्यात बसते, वर फळी टाकली की डिकी होती तशी. नळकांड्यासारखी लांब टाकी थोडी स्वस्त पडत होती, पण मग बॉक्स मागच्या सीटवर आले असते.

टाकी घेताना एक गोष्ट नीट बघा: तिच्यावरची पट्टी. आयएस १४८९९ हा गाडीच्या एलपीजी टाकीचा मानक क्रमांक, टाकीचा नंबर, लिटरमधली क्षमता आणि चाचणीची तारीख, हे सगळं कोरलेलं वाचता आलं पाहिजे. एका गॅरेजवाल्याने मला 'चांगल्या कंडिशनची' जुनी टाकी निम्म्या किमतीत देऊ केली होती. पट्टीवर काळा रंग जाड मारलेला. नखाने खरवडला तरी तारीख दिसेना, तेव्हा तिथून उठलो. दर पाच वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, करावी लागते. तारीखच नसेल तर ही पाच वर्षं मोजायची कुठून? घरगुती सिलिंडर डिकीत आडवा टाकून चालवणारे अजून दिसतात, त्यांच्याबद्दल काय बोलायचं!

माझी टाकी ३४ लिटरची आहे, पण गॅस बसतो २७ च्या आसपास. पहिल्यांदा भरताना अनेकांना फसवल्यासारखं वाटतं. पातळ गॅस उन्हाने चांगलाच फुगतो, म्हणून वर मोकळी जागा ठेवावीच लागते. ८० टक्के झाले की मल्टिव्हॉल्व्हमधला (टाकीवरचा गॅस आत-बाहेर सोडणारा वॉल्व्ह) तरंगता फ्लोट आपोआप भरणं बंद करतो. पंपावर 'अजून बसतोय की' म्हणत कुणी ३० लिटर घातले, तर खूश होऊ नका, मल्टिव्हॉल्व्ह तपासून घ्या. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात दुपारभर मार्केट यार्डात गाडी उभी असते, तेव्हा ही रिकामी जागाच कामाची.

तक्रार एकच, पण मोठी. बसवल्यावर थोड्याच दिवसांत फळी उचलली की वास यायचा. गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात, त्यामुळे 'थोडासा वास येतोच' हे फिटरचं उत्तर मी मानलं नाही. काचा उघड्या टाकून, इंजिन बंद करून साबणाचं पाणी लावलं. भरायची नळी जिथे टाकीला मिळते त्या नटवर बारीक बुडबुडे, एकामागून एक, थांबायचं नाव नाही. त्याच वेळी कळलं की मल्टिव्हॉल्व्हवरच्या डब्यातून गाडीखाली उतरणारी, गळालेला गॅस बाहेर सोडणारी हवेची नळी क्लिपमधून सुटलीय. एलपीजी हवेपेक्षा जड, तो उडून जात नाही, खड्ड्यात साचतो. स्टेपनीचा खड्डा म्हणजे साचायला उत्तम जागा. दुसऱ्या मिस्त्रीकडून दोन्ही नीट करून घेतलं, तेव्हापासून वास नाही. तरी अधूनमधून साबणाचं पाणी लावतो, काही खर्च नाही.

ॲव्हरेज पेट्रोलवर १८ मिळायचं, गॅसवर साडेचौदा. लिटरमागे एवढी घट धरूनच चालायचं. मी भरतो त्या भावाने गॅस पेट्रोलच्या साठ टक्क्यांत पडतो, म्हणजे किलोमीटरमागे दीड रुपयाच्या आसपास वाचतो. पासिंग, आरसीवरची नोंद, विम्यातला बदल धरून ४० हजारांच्या घरात खर्च गेला. तो वसूल व्हायला २५-२६ हजार किलोमीटर तरी पाहिजेत. माझे ते दीड वर्षात होतात. फक्त घर ते ऑफिस करणाऱ्याने या भानगडीत पडू नये.

ताकद थोडी कमी होते. सपाटीला कळत नाही. पुण्याहून येताना खंबाटकी चढताना एसी चालू आणि डिकी भरलेली असेल तर एक गिअर खाली यावं लागतं.

थंडीचा त्रास झाला नाही. या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही असतात. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन शून्याच्या जरा खाली. आपल्या थंडीत दोघांनाही फरक पडत नाही. गाडी सुरू होते पेट्रोलवर, रिड्यूसरला (पातळ गॅसचा दाब कमी करून वाफ करणारा भाग) इंजिनचं गरम पाणी पोचलं की गॅसवर जाते. त्यामुळे पेट्रोल पाव टाकी तरी ठेवतोच. पेट्रोलच्या टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो.

किती गॅस उरलाय ते दाखवणाऱ्या डॅशबोर्डवरच्या चार दिव्यांवर मात्र विसंबू नका. वळणावर दोन, सपाटीला तीन, घाटात एक. मी ट्रिप मीटर शून्य करून साडेतीनशेला भरायला जातो. सांगली-मिरज सोडली की गॅस मिळेलच असं मी धरून चालत नाही. जतला जाऊन यायला पावणेदोनशे किलोमीटर होतात, एका टाकीत निवांत. कोल्ड स्टोरेजमधल्या गॅसवरच्या फोर्कलिफ्टवाल्याचं (माल उचलायची गाडी) बरं, टाकी संपली की भरलेली आडवी चढवली. आपली टाकी गाडीलाच बोल्ट केलेली, भरायला गाडीच न्यावी लागते.

राहता राहिली स्टेपनी. तिला आता जागाच नाही. सीटच्या मागे उभी ठेवली तर बॉक्सची एक रांग जाते, घरी ठेवली तर जतच्या रस्त्यावर जीव टांगणीला. एका फॅब्रिकेटरने डिकीत ब्रॅकेट वेल्ड करून देतो म्हटलं. टाकी जागेवर असताना तिथे वेल्डिंग? हात जोडले. सध्या पट्ट्याने उभी बांधलीय, आणि हवेचा छोटा पंप व पंक्चर किट सोबत असतं.