झेब्रा जीके ४२० डी: जुना माल विकणाऱ्यांसाठी जुनाच लेबल प्रिंटर

जुन्या, व्हिंटेज वस्तू ऑनलाइन विकताना फोटो आणि वर्णनात वेळ जातो हे सगळे धरूनच चालतात. हिशोबात धरला जात नाही तो ऑर्डर आल्यानंतरचा वेळ. साध्या प्रिंटरवर ए४ कागदावर लेबल छापायचं, कात्रीने कापायचं, वरून चिकटपट्टी मारायची. त्यात चकचकीत पट्टी बारकोडवरून गेली की स्कॅनरचा प्रकाश उलटा फिरतो आणि कोड वाचला जात नाही. इंकजेटची शाई ओली झाली की पत्ताच पसरतो. आठवड्याला दहा-बारा पार्सलं जायला लागली की थर्मल लेबल प्रिंटर घेण्यात शहाणपण आहे. आणि व्यवसायच सेकंडहँडचा, तर प्रिंटर नवाच हवा असा हट्ट कशाला?

जीके ४२० डी हा झेब्राचा टेबलावर मावणारा प्रिंटर. कंपनी आता तो बनवत नाही, त्याची जागा झेडडी मालिकेने घेतली. पण गोदामांनी आणि कार्यालयांनी यंत्रं बदलली तसे हे जुने प्रिंटर बाजारात भरपूर आले. नावातला ‘डी’ म्हणजे डायरेक्ट थर्मल. शाई नाही, रिबन नाही, उष्णतेने काळा होणारा कागद. ‘टी’ अक्षराचं भावंड, म्हणजे जीके ४२० टी, रिबनवर म्हणजे शाईच्या फितीवर चालतं. जाहिरातीत विक्रेते दोन्ही एकाच नावाने टाकतात, म्हणून तळाला मॉडेलचं नाव असलेल्या पट्टीचा फोटो मागवूनच पुढे जा.

आकडे सरळ आहेत. २०३ डीपीआय, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये ८ ठिपके. छपाईची रुंदी १०४ मिमी, त्यामुळे ४ बाय ६ इंचाचं कुरिअरचं लेबल बरोबर बसतं. वेग सेकंदाला १२७ मिमीपर्यंत, म्हणजे एक लेबल सव्वा सेकंदात बाहेर. झेडपीएल आणि ईपीएल या प्रिंटरला हुकूम द्यायच्या दोन्ही भाषा त्याला कळतात. याच्या आधीचा एलपी २८४४ अजूनही स्वस्तात दिसतो आणि टिकाऊही आहे, पण साध्या मॉडेलला फक्त ईपीएल येतं आणि वेगही १०२ मिमीच. दोन्ही समोर असतील तर जीके घ्या.

वापरलेला प्रिंटर घेताना पहिली गोष्ट अडॅप्टर. याला २० व्होल्ट लागतात. अडॅप्टर नसलेले प्रिंटर स्वस्त दिसतात. मग कोणीतरी घरातला जुना लॅपटॉपचा चार्जर जोडतो, पिन बसते, व्होल्टेज वेगळं असतं आणि बोर्ड जातो. मूळ अडॅप्टर सोबत असेल तरच भाव करा.

दुसरी गोष्ट काउंटर. रोल घालून फीडचं, म्हणजे कागद पुढे सरकवायचं बटण दाबून धरायचं आणि दिवा एकदा लुकलुकला की सोडायचं. सगळ्या सेटिंगची यादी छापून येते. त्यात खालच्या बाजूला ‘नॉनरीसेट काउंटर’ अशी ओळ असते, एकदा इंचात आणि एकदा सेंटिमीटरमध्ये. हे गाडीच्या किलोमीटरसारखंच आहे, फक्त मागे फिरवता येत नाही. खालचे दुसरे काउंटर शून्य करता येतात, त्यांच्याकडे बघूच नका. गणित सोपं: लेबल आणि मधली फट मिळून साधारण १५.५ सेमी, म्हणजे १,००,००० सेमी दिसले तर सुमारे ६,४५० लेबलं निघाली आहेत. अर्थात हेड, म्हणजे कागदावर टेकणारी तापत्या ठिपक्यांची पट्टी, बदललेलं असेल तर काउंटर जुनाच राहतो, म्हणून मोठा आकडा दिसला की लगेच नाकारू नका. आधी पुढची चाचणी करा.

ती चाचणी म्हणजे पूर्ण काळा चौकोन. लेबलभर काळं छापायचं. कागद सरकतो त्या दिशेने पांढरी बारीक रेघ दिसली तर दोन शक्यता असतात. हेडवर घाण आहे, किंवा तिथला तापणारा ठिपका जळाला आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसा, पूर्ण वाळू द्या, पुन्हा छापा. रेघ गेली तर घाण होती. नेमकी त्याच जागी राहिली तर ठिपका गेला. एक ठिपका म्हणजे ०.१२५ मिमी. रेघ कडेला असेल तर आयुष्यभर त्रास होणार नाही. मधोमध असेल तर बारकोड कोणत्या दिशेने छापला जातो ते बघा. रेघा कागदाच्या प्रवासाला समांतर असतील तर मेलेला ठिपका एखादी बारीक रेघ लेबलभर खाऊन टाकतो आणि कोड मरतो. रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या असतील तर प्रत्येक पायरीला जेमतेम एक टोचा पडतो, स्कॅनर तो पचवतो. कुरिअरच्या लेबलांवर बहुधा दोन्ही दिशांचे कोड असतात, त्यामुळे मधल्या भागातला मेलेला ठिपका म्हणजे नवं हेड, असाच हिशोब करून भाव पाडा. हेड आणि कागद ओढणारा रोलर दोन्ही सुटे मिळतात आणि बदलायला कारागीर लागत नाही. बिननावी नव्या प्रिंटरांच्या तुलनेत या यंत्राचा खरा फायदा हाच.

एका बाजूला फिकट आणि दुसऱ्या बाजूला गडद छापत असेल तर आधी झाकणाच्या दोन्ही कड्या ‘टक’ करून बसल्या आहेत का बघा. एकच बसली तर हेड तिरकं टेकतं. काही प्रिंटरांवर कुरिअर कंपनीचं नाव दिसेल. ते कधी कधी ग्राहकाला वापरायला दिलेले, म्हणजे कंपनीच्याच मालकीचे असतात, म्हणून विक्रेत्याला मालकी विचारा. घेतल्यावर फॅक्टरी रीसेट करा: बटण दाबून धरा आणि दिवा चार वेळा लुकलुकल्यावर सोडा.

रोल घेताना लोक हमखास फसतात. आत जास्तीत जास्त १२७ मिमी व्यासाचा रोल मावतो आणि मधली नळी २५.४ मिमी किंवा १२.७ मिमीची लागते. मोठ्या औद्योगिक रोलची नळी ७६ मिमीची असते, ती बसत नाही. मोठ्या संख्येने लेबलं हवी असतील तर घडीचा गठ्ठा घ्या. मागे फट आहे, गठ्ठा प्रिंटरच्या पाठीमागे ठेवून तिथून आत ओढता येतो, आणि रोलसारखी लेबलं वाकडीही होत नाहीत.

लेबल कोणाचं घ्यावं यावर जीकेची काही अट नाही. आकार आणि नळी जुळली की झालं. डायमोच्या लेबलरायटर ५५० मालिकेत आणि ५एक्सएलमध्ये रोलमधली आरएफआयडी चिप (रेडिओ लहरींनी वाचली जाणारी ओळखखूण) तपासली जाते आणि दुसऱ्या कंपनीचा रोल चालत नाही. त्याआधीच्या ४एक्सएलला ही भानगड नव्हती, शिवाय तो ३०० डीपीआयचा आहे. बारीक अक्षरांची छोटी लेबलं हेच मुख्य काम असेल तर तो जीकेपेक्षा उजवा. पार्सलच्या लेबलाला २०३ डीपीआय पुरतात.

जोडणीत तीन चुका सर्रास होतात. पहिली, ड्रायव्हरमधला कागदाचा आकार. ४ बाय ६ इंच म्हणजे १०१.६ बाय १५२.४ मिमी, आणि मेट्रिक रोल १०० बाय १५० मिमीचे. दोन्ही एकच समजून चाललं की दर छपाईनंतर एक कोरं लेबल बाहेर पडतं किंवा मजकूर हळूहळू खाली सरकत दोन लेबलांवर पसरतो. हातातल्या लेबलावर पट्टी ठेवून मोजा आणि तोच आकडा टाका. दुसरी चूक, कॅलिब्रेशन न करणं. लेबलाची जात बदलली की बटण दाबून दिवा दोनदा लुकलुकू द्या, सोडा. प्रिंटर तीन-चार लेबलं पुढे ढकलून मधली फट स्वतः मोजतो. इथे एक मर्यादा आहे. जीकेचा सेन्सर एकाच जागी पक्का आहे, सरकवता येत नाही. दागिन्यांना लावायची शेपटीवाली चिमुकली लेबलं त्या जागेवरून जात नसतील तर फट सापडतच नाही आणि लाल दिवा लागतो.

तिसरी चूक पीडीएफची. विक्रीच्या संकेतस्थळावर थर्मल किंवा ४ बाय ६ चा पर्याय असेल तर तोच निवडा. फक्त ए४ मिळत असेल तर पीडीएफ कापा, पण स्क्रीनशॉट काढून छापू नका. स्क्रीनशॉटमध्ये रेघांच्या कडा राखाडी होतात, प्रिंटरला राखाडी रंग ठाऊक नाही, तो तिथे ठिपक्यांची रांगोळी घालतो आणि बारकोड दातेरी होतो. छपाईच्या खिडकीत ‘फिट’ काढून ‘ॲक्चुअल साइज’ निवडा. मॅकवर झेब्राचा ड्रायव्हर शोधत बसू नका, यादीतला झेब्रा झेडपीएलचा पर्याय घेतला की काम होतं. दुकानाचा फोटोसारखा लोगो लेबलावर छापायचा मोह होईल, तो याच कारणाने वाईट दिसतो.

गडदपणा ० ते ३० मध्ये ठेवता येतो. मधल्यापेक्षा खाली सुरुवात करा आणि कोड स्वच्छ वाचला जाईपर्यंत दोन-दोनने वाढवा. काळंकुट्ट म्हणजे चांगलं असं नाही. उष्णता जास्त झाली की रेघा फुगतात, मधल्या पांढऱ्या जागा भरतात आणि हेडचं आयुष्य घटतं. त्यापेक्षा वेग सेकंदाला १०२ किंवा ७६ मिमीवर आणा, धार लगेच सुधारते.

आता या व्यवसायाला खास लागू पडणारी गोष्ट. प्रिंटर घरात आला की सगळ्या मालाला त्याच्याच चिठ्ठ्या लावायची हुक्की येते. हे करू नका. पार्सलाचं लेबल चार-आठ दिवस टिकलं तरी पुरतं. व्हिंटेज वस्तू योग्य गिऱ्हाईक येईपर्यंत महिनोन् महिने, कधी वर्षभर फळीवर बसते. डायरेक्ट थर्मलचा छाप उन्हाने आणि दिव्याच्या उजेडाने उडतो. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात तर तो आतून पुसला जातो, कारण प्लॅस्टिक मऊ ठेवणारं द्रव्य कागदाच्या थरात शिरतं. ग्रामोफोन रेकॉर्ड, जुनी पोस्टकार्डं, नकाशे अशाच पाकिटांत ठेवले जातात. कपड्यांचं उलटं होतं. चिठ्ठी लावलेल्या कोटावर स्टीमर फिरवला की अख्खी चिठ्ठी काळी. नंबर गेला, बाही तेवढी सरळ झाली. मग शेकडो वस्तूंमधून ती एक यादीतल्या कोणत्या नोंदीची, हे फोटो जुळवत शोधायचं.

गोंदाचा प्रश्न याहून वाईट. ही लेबलं पुठ्ठ्याला कायमची चिकटावीत म्हणून बनवलेली असतात. पुस्तकाच्या जॅकेटवर, रेकॉर्डच्या कव्हरवर, चकाकी नसलेल्या मातीच्या भांड्यावर किंवा चिनीमातीच्या सोनेरी नक्षीवर ती लावली तर निघताना वरचा थर घेऊन निघतात. नक्षी गेली की वस्तूची किंमत गेली, आणि ते वर्णनात लिहावं लागतं.

म्हणून वस्तूला आम्लरहित कागदाचा टॅग, सुती दोरा आणि पेन्सिलीने लिहिलेला नंबर. पेन्सिल उडत नाही, पसरत नाही. छापील लेबल लावायचंच तर खोक्यावर लावा: फळी, खोकं, क्रमांक, जसं ‘बी३-०७’. तोच नंबर विक्रीच्या नोंदीतल्या एसकेयूच्या, म्हणजे विक्रेत्याच्या स्वतःच्या मालक्रमांकाच्या रकान्यात टाका, म्हणजे ऑर्डर आली की थेट त्या खोक्याकडे जाता येतं. खोक्यांची लेबलं दर वर्षी एका बैठकीत पुन्हा छापून चिकटवा. वरून संरक्षक थर दिलेली लेबलं जास्त टिकतात, पण कायमची नव्हेत.

टॅगही छापूनच हवे असतील तर जीके ४२० टी शोधा. रिबन लावली की छाप उजेडाला दाद देत नाही, आणि रिबन काढून थर्मल कागद घातला की तोच प्रिंटर पार्सलाची लेबलंही काढतो. रिबन मात्र ७४ मीटरची, लहान नळीची घ्यावी लागते. मोठ्या यंत्रांच्या लांबलचक रिबनी त्यात मावत नाहीत.

देखभाल थोडीच आहे, पण या धंद्यात ती चुकवून चालत नाही. जुन्या मालाच्या खोलीत धूळ आणि लोकरीचे तंतू कायम उडत असतात, आणि हेड तापलेलं असताना ते त्यावर भाजून बसतात. प्रत्येक रोल बदलताना अल्कोहोल लावलेल्या कापडाने हेड मधून कडेकडे पुसा, मिनिटभर वाळू द्या. ओल्या हेडवर कागद टेकला तर डाग उठतो. रोलरवर लेबलाचा गोंद साचला की कागद घसरतो आणि छाप आखूड येतो, लोक त्याला कॅलिब्रेशनचा दोष समजतात. रोलर दोन्ही बाजूंच्या खिट्या उघडून हाताने बाहेर निघतो, तो पुसून परत बसवा. काम नसताना प्रिंटरवर कापड टाका.

सगळा धंदा फोनवरून करणाऱ्यांनी हा घेऊ नये. यूएसबी आहे, काही मॉडेलांना इथरनेट आहे, ब्लूटूथ किंवा वायफाय नाही. मधे संगणक लागतोच. त्यांच्यासाठी नवा ब्लूटूथवाला लेबल प्रिंटर बरा, फक्त त्याचं हेड सुटं मिळतं का ते घेण्याआधी विचारून घ्यावं.