मॅनटीचे पाण्याखालचे फोटो: क्रिस्टल रिव्हर, होमोसासा की ब्लू स्प्रिंग?

नाताळच्या सुट्टीत ऑरलँडोला जाणारी मराठी कुटुंबं अमेरिकेत पुष्कळ आहेत. त्या सहलीतले दोन दिवस मॅनटीसाठी, म्हणजे तिथल्या समुद्रगाईसाठी काढता येतात का? नक्की येतात. मात्र मध्य फ्लोरिडातल्या तीन जागांपैकी कुठे जायचं हे आधी ठरवा. तिन्हीकडे मॅनटी दिसेल, फोटो मात्र तिन्हीकडे सारखा मिळणार नाही. ज्याला पोहता येतं आणि सलग दोन सकाळी हाताशी आहेत, त्याने क्रिस्टल रिव्हरलाच जावं असं माझं स्पष्ट मत आहे.

मॅनटी साधारण तीन मीटर लांब आणि चार-पाचशे किलो वजनाची असते. एवढा देह असूनही तिला थंडी सोसत नाही. पाणी 20 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं आणि तसंच राहिलं तर ती आजारी पडते, मरतेही. म्हणून थंडी पडली की मॅनटी गोड्या पाण्याच्या झऱ्यांकडे येतात, कारण तिथलं पाणी बारा महिने 22 अंशांच्या आसपास असतं. हंगाम 15 नोव्हेंबर ते 31 मार्च असा धरला जातो. निवड करता येत असेल तर जानेवारी किंवा फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा घ्या.

क्रिस्टल रिव्हर गाव पश्चिम किनाऱ्याकडे आहे, ऑरलँडोहून गाडीने दीड-दोन तासांवर. तिथल्या किंग्ज बे या खाडीत झरेच झरे आहेत. मॅनटीच्या रक्षणासाठी 1983 मध्ये इथे राष्ट्रीय अभयारण्य झालं, तरीही ठरलेल्या नियमांत राहून तिच्यासोबत पाण्यात उतरता येतं. ब्लू स्प्रिंगला हंगामात ही मुभा नाही.

पण किंग्ज बेचं पाणी सगळीकडे एकसारखं नाही. उघड्या खाडीत ते हिरवट असतं, तळाला मऊ गाळ असतो आणि कधीकधी हातभर अंतरावरचंही धूसर दिसतं. थ्री सिस्टर्स या झऱ्यात मात्र तळाची पांढरी वाळू लख्ख दिसते, वरून झाडांतून उन्हाच्या तिरिपा उतरतात. हवा तो फोटो मिळतो तो इथे. होडी बाहेर थांबते, आपण अरुंद ओढ्यातून पोहत आत जायचं. हिवाळ्यात झऱ्याचा काही भाग मॅनटींच्या विश्रांतीसाठी दोर लावून बंद असतो आणि टाकी घेऊन डायव्हिंगला मनाई असते. दिवस वर येतो तशी माणसं वाढतात, गाळ उठतो आणि फोटोत पांढरे ठिपके उमटायला लागतात. पहाटेच्या पहिल्या होडीसाठी झोपमोड करावी ती यासाठी.

खरी अडचण वेगळीच आहे. थंडी जितकी कडक, तितक्या मॅनटी जास्त. आणि आत मॅनटींची गर्दी फार झाली की अभयारण्याचे अधिकारी झरा पोहणाऱ्यांसाठी तात्पुरता बंद करतात. म्हणजे ज्या सकाळी सर्वांत जास्त मॅनटी असतील, नेमकं त्याच सकाळी आत जाता येणार नाही असं होऊ शकतं. ही बंदी मला पूर्ण मान्य आहे. 2021 मध्ये फ्लोरिडात 1,100 पेक्षा जास्त मॅनटी मेल्या, त्यातल्या पुष्कळ पूर्व किनाऱ्यावर समुद्री गवत संपल्याने उपासमारीने. ज्या प्राण्याचा हिवाळा असा काठावर जातो, त्याची झोप आपल्या फोटोपेक्षा मोलाची आहे. एकच सकाळ ठेवलीत तर सगळं नशिबावर, म्हणून मी दोन म्हणते. झरा बंद असला तरी काठावरच्या लाकडी वाटेवरून वरून फोटो घेता येतात.

होमोसासा इथून थोडं दक्षिणेला आहे. नदीतल्या ब्लू वॉटर्स भागात मॅनटीसोबत पोहता येतं, पण थ्री सिस्टर्ससारखं चित्र तिथे क्वचितच मिळतं. होमोसासाचं खरं मोल वेगळं आहे. तिथल्या सरकारी उद्यानात झऱ्यावर तरंगती खोली आहे. काचेतून पाण्याखालचं दिसतं, अंगाला पाणी लागत नाही. लहान मुलं, आजी-आजोबा किंवा पाण्याची भीती असणारं कोणी सोबत असेल तर इथेच या. लेन्स काचेला जवळजवळ टेकवा, भोवती गडद कापड धरा, म्हणजे प्रतिबिंब येणार नाही.

ब्लू स्प्रिंग ऑरलँडोच्या उत्तरेला, तासाभराच्या आत. संख्येत तिची बरोबरी अवघड आहे: जानेवारी 2024 मध्ये एका दिवशी 900 हून अधिक मॅनटी मोजल्या गेल्या. पण फोटो फक्त काठावरून. पोलरायझर, म्हणजे पाण्यावरची चमक कापणारा फिल्टर लावा आणि लवकर पोहोचा, कारण थंडीच्या दिवशी वाहनतळ भरला की प्रवेशद्वार बंद होतं. पाण्याखालचाच फोटो हवा असेल तर ही जागा सोडा.

कॅमेऱ्याबाबत लोक गरजेपेक्षा जास्त डोकं शिणवतात. झऱ्याची खोली थोडी, पाणी उथळ, त्यामुळे उजेड पुरतो. फ्लॅश घरीच ठेवा. पाण्यातले कण उजळतात आणि निजलेल्या मॅनटीला त्रास होतो. छोट्या सहलीला गोप्रोसारखा कॅमेरा किंवा हाउसिंगमधला, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पेटीतला चांगला छोटा कॉम्पॅक्ट कॅमेरा पुरे. डोम पोर्टचा (पुढे घुमटाकार काच असलेल्या पेटीतला), लेन्स बदलता येणारा मिररलेस कॅमेरा अर्थात जास्त तपशील देतो, पण तो विमानातून नेणं, सील तपासणं आणि थंड पाण्यात सांभाळणं हे सवय असलेल्याचंच काम. कोणताही कॅमेरा असो, लेन्स शक्य तितकी वाइड हवी, म्हणजे जवळूनही अख्खी मॅनटी चौकटीत बसते आणि मधला पाण्याचा थर कमी राहतो. मॅन्युअल सेटिंग जमत असेल तर शटर 1/200 सेकंदाच्या आसपास ठेवा, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर सोडा, फोटो रॉमध्ये, म्हणजे नंतर रंग सुधारता येतील अशा कच्च्या फाइलमध्ये घ्या.

पाठलाग करू नका, हात लावू नका, वरून बुडी मारून तिच्या अंगावर जाऊ नका. हा कायदा आहे आणि चांगल्या फोटोचा मार्गही तोच. पृष्ठभागावर आडवं, निश्चल तरंगत राहायचं, पाय न मारता. जागी असेल तर मॅनटी बहुतेक दर तीन-पाच मिनिटांनी श्वासासाठी वर येते, झोपेत वीस मिनिटांपर्यंत खाली राहू शकते. तळाशी निजलेल्या मॅनटीचा फोटो सगळेच काढतात. ती सावकाश वर येते, नाकपुड्या उघडतात आणि पाण्याच्या आतल्या आरशात तिची पाठ उलटी उमटते, त्या क्षणासाठी थांबा. पिल्लं जिज्ञासू असतात, पुष्कळदा स्वतःच लेन्सपाशी येतात.

होडी ठरवताना दरापेक्षा हे विचारा: गटात किती माणसं, मार्गदर्शक पाण्यात उतरतो का, जाड वेटसूट (पाण्यात ऊब राखणारा रबरी पोशाख) मिळतो का (22 अंशांत स्थिर तरंगणारा माणूस तासाभरात कुडकुडतो आणि हात थरथरले की फोटो हलतो), आणि थ्री सिस्टर्स बंद असेल तर त्या सकाळी कुठे नेणार. शेवटच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर मिळालं नाही तर दुसरी होडी बघा.